कोण धाडतं तुला

चिमट्याच्या टोकाला कापसाचा एक तंतू चिकटून राहिला होता. उकळत्या पाण्यातून काढला, निथळला, डब्याच्या झाकणावर आडवा ठेवला, तरी तो तिथेच. इतका बारीक, की खिडकीच्या उजेडात धरला तेव्हाच दिसला. पिएदादने चष्मा नीट केला आणि नखाने तो तंतू ओढून काढला. आता चिमटा पुन्हा उकळायला हवा, हात लागला त्याला. दुसरं कुणी असतं तर तसाच डब्यात टाकून चालू पडलं असतं, कोण बघतंय... पण चौतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या या बाईला हे ‘कोण बघतंय’ कधी जमलंच नव्हतं, आणि जमलं नाही याचा तिला आतून आनंद होता. आनंद कसला, अभिमानच. तिने पातेलं परत स्टोव्हवर चढवलं आणि बुडबुडे यायची वाट बघत उभी राहिली.

हा गुण पपांचा. पपा कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन घाटातल्या रुळांवरून मैलोन्‌मैल चालत जायचे, पावसाळ्यात तर गुडघ्याएवढ्या धुक्यातून, आणि ढिला झालेला एकेक खिळा ठोकत यायचे. गाडी आली की बाजूला सरून हिरवं निशाण धरून ताठ उभे राहायचे. लहानपणी एकदा ती त्यांच्याबरोबर उभी होती. डबे धडधडत गेले, खिडक्यांतले लोक दरीकडे बघत होते, धबधब्याकडे बघत होते, पपांकडे कुणीही बघितलं नाही. ‘पपा, त्यांना ठाऊक तरी आहे का तुम्ही खिळे ठोकता ते?’ पपा म्हणाले होते, ‘गाडी गेली ना? झालं तर.’ आणि हे म्हणताना त्यांची मान अशी काही वर उचललेली होती, की पुढे इगर्जीतल्या वेदीवरच्या कुठल्याही संताची मान तिला तेवढी उंच वाटली नाही.

पाणी उकळलं. चिमटा, कापूस, पट्ट्या, मलम, सगळं डब्यात भरून तिने गळ्यातली साखळी चाचपली, तिच्यातला क्रूस पोलक्याच्या आत सोडला आणि पदर घट्ट लपेटला. मग ती चढणीला लागली. गुंद गावची थंडी अजून उतरली नव्हती. सुपारीच्या झावळ्यांवरून दव टपटपत होतं, कापून झालेल्या भातखाचरांत गवताच्या उडव्या ओल्या होऊन काळपट दिसत होत्या.

साखळी आत सोडायची ही सवय गेल्या दीड वर्षातली. त्याआधी ती बाहेरच असे. गावातला म्हातारा धाकलू दोन पावसाळ्यांपूर्वी भाताच्या राबासाठी फांद्या तोडताना झाडावरून पडला. कमरेखालचा जीव गेला. शहरातल्या मोठ्या दवाखान्याने महिनाभर ठेवून घरी पाठवला, आणि पडून पडून त्याच्या पाठीला, कमरेच्या वर, तळहाताएवढी जखम झाली. पिएदाद सहज बघायला गेली होती. जखम बघितली, वास आला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी डबा घेऊन जाऊ लागली. कुणी बोलावलं नव्हतं. महिनाभराने धाकलूचा मुलगा शिवानंद तिच्या दारात आला. फॉरेस्टच्या नाक्यावर तो वॉचर, रोजंदारीवरचा. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

‘बाई, तुमी येता ते लई उपकार हायत. पन गावात लोक बोलाय लागलेत. म्हन्तात, नर्सबाई म्हाताऱ्याला बाटवाय येती. उद्या कुनी कंप्लेंट दिली तर माजं काम जाईल, तुमच्यावर केस व्हईल ती येगळीच.’

‘मग येऊ नको म्हणतोस?’

‘तसं न्हाई... या. पन घरात तुमच्या देवाचं नाव नको. येवढा सबूद द्या.’

तिने दिला. लगेच दिला, एक क्षणही न थांबता. जिच्या हातांत तो जन्मला होता त्या बाईकडे वर बघायची त्याला लाज वाटत होती, हे तिला दिसलं. आणि त्याची लाज बघून आपल्याला राग न येता एक प्रकारचा उंचपणा वाटतोय, हेही तेव्हाच जाणवलं होतं. पण ते तिने तिथेच सोडून दिलं. पुढे महिन्यातल्या एका रविवारी ती कॅसलरॉकला मिसेला गेली, तेव्हा पाद्रीबाब म्हणाले, ‘तू कुणाची आहेस, कुणासाठी करतेस, हे त्या लोकांना कधीतरी कळायला नको का?’ ती म्हणाली होती, ‘फादर, त्यांना जखम भरलेली कळते.’ हे उत्तर तिला फार आवडलं होतं. बसमध्ये येताना तिने ते मनातल्या मनात चार वेळा म्हणून बघितलं. मी शब्द दिला. मी तो पाळला. कपाळ-छाती-खांद्यांवरून हात फिरवायचा तोही घरीच, दार लावून... या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही मी.

धाकलूच्या घराशी आली तेव्हा सून फुला अंगणात शेण-सडा आटोपून तुळशीला पाणी घालत होती. ‘या अक्का,’ म्हणाली, आणि हात धुऊन आत आली. दोघींनी मिळून धाकलूला कुशीवर वळवलं. तोंड भिंतीकडे, पाठ उजेडाकडे. पिएदादने जुनी पट्टी सोडवली. जखमेच्या कडा गुलाबी होत्या. गेल्या महिन्यापेक्षा वालाच्या दाण्याएवढी आत आली होती. तळहाताएवढी होती ती आता आठ आण्याच्या नाण्याएवढी झाली होती, शहरातल्या डॉक्टरांनी भरणार नाही म्हणून सांगितलेली जखम. तिच्या ओठांवर हसू आलं. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून तिने ते येऊ दिलं.

‘अक्का, मी खाली कपडे धुऊन येतो. चालतंय न्हवं?’ कानडी मुलखात वाढलेली फुला स्वतःबद्दल कधी येते म्हणायची, कधी येतो.

‘जा तू. मी आहे.’

फुलाची पावलं उतारावर विरली. चुलीतलं लाकूड तडतडलं. पिएदाद चिमट्यात कापूस धरून जखम पुसत होती, आणि धाकलू भिंतीकडे बघत पडला होता, नेहमीसारखा, न बोलता. दीड वर्षात तो तिच्याशी ‘दुखतंय’ आणि ‘व्हय’ याच्यापलीकडे फारसं बोलला नव्हता.

‘बाय,’ तो म्हणाला. ‘एक इचारू?’

‘विचार की दादा.’

‘तू रोज येतीस. पगार न्हाई, काई न्हाई. थंडी म्हन्त न्हाईस, पाऊस म्हन्त न्हाईस. कोन धाडतं तुला?’

चिमटा हवेत थांबला. हा प्रश्न... किती वर्षं तिने या प्रश्नाची वाट बघितली होती? तरुणपणी, नवी नवी गुंदला आली तेव्हा, कुणीतरी हे विचारेल आणि आपण काय सांगू याची वाक्यंच्या वाक्यं तिने जुळवून ठेवली होती. कुणी विचारलं नाही. हळूहळू वाट बघणं संपलं, आणि न विचारलं जाणं हेच तिचं भूषण झालं. आणि आज, नेमका शब्द दिल्यानंतर, भिंतीकडे तोंड करून एक म्हातारा विचारत होता. उत्तर अगदी छोटं होतं. पोलक्याच्या आत, कातडीला टेकलेलं होतं.

‘कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘मीच येते.’

तोंडातून गेल्यावर ते तिला ऐकू आलं. मीच येते! दिलेला शब्द पाळला गेला होता, आणि त्याच शब्दांनी... ज्याने धाडलं त्याला तिने ओळखत नाही म्हटलं होतं, आणि वर सगळं श्रेय उचलून स्वतःच्या खिशात टाकलं होतं. एका वाक्यात दोन्ही. तिने घाईघाईने मलमाची ट्यूब उघडली.

‘न्हाई,’ धाकलू भिंतीला म्हणाला. ‘मानूस आपल्यान येत न्हाई असा. मी आलो नसतो.’

तिने मलम पट्टीवर पसरवलं.

‘तुला एक सांगायचं हाय. लई दिस झाले. तू नवीन आलीस, तवा झरीवर तुजी घागर फुटली व्हती. आठवतंय?’

‘आठवतंय.’

‘ती मी फोडली. किरिस्तांवाची घागर आमच्या झरीत नको म्हनून... दगडानं. सगळेच बोलत व्हते, पन दगड मी घातला.’

इगर्जीत पापकबुलीच्या वेळी लाकडी जाळीच्या आडून पाद्रीबाबांच्या कानाशी ती जशी बोलत असे, तसा हा बोलत होता. तोंड दिसत नाही, फक्त आवाज. फक्त आज जाळीच्या या बाजूला ती होती. आणि तिला माहीत होतं. घागर कुणी फोडली हे तिला तीस वर्षं माहीत होतं. पहिली घागर भरून ती घरी ठेवायला गेली होती, दुसरी झरीवरच राहिली होती. परत येताना बांबूच्या बेटाआडून तिने आवाज ऐकला, आणि उतारावर जाणारी एक पाठ बघितली. कमरेला आकडी, आकडीत कोयता. वळणावर त्याने मान वळवली तेव्हा चेहराही दिसला. तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लांबच्या ओढ्याला जाऊ लागली. आणि तीन महिन्यांनी तोच माणूस भर दुपारी धावत तिच्या दारात आला. त्याची बायको काशी दोन दिवस अडली होती. पिएदाद गेली. शिवानंद पायाळू जन्मला, निळा पडलेला; तिने त्याला उलटा धरून रडवला. काशी वाचली, पुढे वीस वर्षं जगली. त्यानंतर पिएदादला झरीवर कुणी अडवलं नाही. तो काही बोलला नाही. तीही नाही.

पण ते तिने कधी विसरूही दिलं नाही स्वतःला. हीच ती पाठ. गेलं दीड वर्ष रोज सकाळी ती याच पाठीवर वाकत होती, आणि जखम पुसताना कधी कधी — नाही, रोजच — उतारावरून जाणारी ती पाठ तिला दिसायची, आणि जिभेखाली खडीसाखर धरावी तसं काहीतरी विरघळायचं. तुला माहीत नाही, धाकलू, की मला माहीत आहे. बघ मी काय करतेय. तू बघत नाहीस, कुणीच बघत नाही, आणि मी करतेय... पाद्रीबाबांपुढे इतक्या वर्षांत तिने काय काय कबूल केलं होतं: चिडचिड, कंटाळा, एका परिचारिकेचा मत्सर. ही खडीसाखर कधी नाही. ती पाप आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

‘मला माहीत होतं, दादा,’ ती म्हणाली.

तीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. बाहेर आलं आणि त्याला काही चवच नव्हती.

धाकलूने मान वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ‘कवापास्नं?’

‘त्याच दिवसापासून.’

‘म्हंजे काशीच्या येळेला...’

‘तेव्हाही माहीत होतं.’

त्याचा खांदा हलत होता, की श्वास होता तो, तिला कळेना. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नर्सचा हात नव्हता तो. आपल्या हाताला दुसरं काही येतं हे ती जवळजवळ विसरली होती.

‘तू गोड मानून घेतलं असशील,’ तो म्हणाला. ‘मला लई जड गेलं बग. तू दारात आलीस की जड व्हायचं.’ मग थोड्या वेळाने, अगदी सावकाश, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा तो म्हणाला, ‘मंग तर तू आपल्यान येतच न्हाईस. तुला कोन तरी धाडतं. सांगत न्हाईस तू.’

खालून फुलाच्या बादलीचा आवाज आला.

पट्टी बांधून झाली, डबा भरून झाला. ‘उद्या येते,’ म्हणून ती बाहेर पडली. आणि घराकडची पायवाट सोडून फाट्याच्या रस्त्याला लागली. आपण कुठे चाललोय हे तिच्या पायांना आधी कळलं. दोन मैल चालायचे होते. सागाची सुकी पानं वाजत होती, वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा जड आवाज येऊन गेला. आपण त्याला क्षमा केली असं ती समजत होती. क्षमा केली होतीच, त्यात खोट नव्हती, तेवढं तरी तिला स्वतःकडून हिसकावून घ्यायचं नव्हतं. काशीच्या खाटेशी उभे राहिलेले पाय खरे होते. जखम भरत आली तीही खरीच. पण क्षमा केली आणि तिची पावती जवळ ठेवली. आणि तो! अर्धं अंग मेलेला, दुसऱ्याच्या हाताने कूस वळणारा माणूस. त्याने तीस वर्षांचा दगड आज आपण होऊन उचलला आणि तिच्यासमोर ठेवला. मागणी नाही, सबब नाही. हे कुणी शिकवलं त्याला? तिने तर नावही घेतलं नव्हतं. तिला त्याचा अभिमान वाटला. इतका, की चालता चालता तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मोठ्याने ‘शाबास रे’ म्हटलं, रस्त्यात कुणी नसताना.

शिवानंद नाक्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून तटकन उठला.

‘बाबा?’

‘बरा आहे. जखम सुकत आली. मी दुसऱ्या कामाला आले, शिवा. तुला दिलेला शब्द परत मागायला आले.’

त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

‘तुझ्या बापाने आज विचारलं, तुला कोण धाडतं. मी म्हटलं, कोणी नाही. खोटं बोलले.’

‘तुमी?’

‘मी. तुला दिलेला शब्द पाळायला खोटं बोलले. उद्या तो परत विचारील. तू शब्द परत दिला नाहीस तर मी गप्प बसेन, जखमही बांधीन, त्यात फरक नाही. पण खोटं मला परत बोलता येणार नाही. त्याला मी सांगेन, की शिवाने नको म्हटलंय.’

शिवानंदने टोपी काढली, परत घातली. ‘बाबाला बाटवायचं हाय तुमाला?’ आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

‘नाही. त्याचा देव त्याच्यापाशी आहे. त्याने माझ्याबद्दल विचारलंय. माझ्याबद्दलचं खरं मला सांगायचं आहे, एवढंच.’

दांडेलीकडून एक गाडी आली. त्याने आडवा बांबू उचलला, नंबर बघितला, आतल्या पाहुण्यांना जंगलात उतरू नका म्हणून कानडीत सांगितलं. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच बांबूला धरून उभा होता. मग परत आला.

‘मी तवा भ्यालो व्हतो, बाई. आजबी भ्यालोय. काम गेलं तर पोरीला काय घालू?’ तो थांबला. ‘पन बाबा कुनाला काई इचारत न्हाई. पडल्यापास्नं मला बी त्यानं काई इचारलं न्हाई. तुमाला इचारलं.’

तिने डबा खाली ठेवला.

‘पाचला माजी ड्यूटी सुटती. तवा या. मी बसनार तितं. फुला बी बसंल. दार उगडं ठेवून सांगा, लपून नको. कुनी आलं तर त्येनं बी ऐकावं. आनि मला नको वाटलं तर मी मधीच थांबवनार.’

‘थांबव,’ ती म्हणाली. ‘लगेच थांबेन.’

निळा पडलेला, पायाळू, तिच्या हातात न रडणारा तो जीव आता तिच्यासमोर उभा राहून अटी घालत होता. सरळ डोळ्यांत बघून घालत होता, उंबऱ्याबाहेर मान खाली घालून नाही. भीती आहे म्हणत होता आणि दार उघडं ठेवा म्हणत होता. बाप तसा, मुलगा असा. गावच असं, तिच्या मनात आलं. तीस वर्षं मी या गावाची जखम बघत राहिले, हाड बघायचं राहूनच गेलं.

परतीच्या वाटेवर ती मोरीच्या कठड्यावर बसली. ऊन आता झाडांतून खाली उतरलं होतं. पाचला काय सांगायचं? तिने सुरुवात करून बघितली. ‘दादा, माझा देव...’ हे कुणा दुसऱ्याचंच वाटलं, कुठल्या तरी सभेत माईकवरून ऐकलेलं. ‘पपा म्हणायचे...’ नको, पपांच्या आडोशाला उभं राहणं झालं ते. तरुणपणी जुळवून ठेवलेली वाक्यं आठवून बघितली तर त्यांतलं एकही उभं राहीना. झाकून ठेवलेलं सगळं आपोआप जपलं जातं असं ती समजत आली होती. धाडतो तो कोण, हे तिला ठाऊक होतं. पहाटे अंथरुणावर डोळे उघडायच्या आधी ठाऊक असायचं. पण तो कसा आहे, हे उघड्या दारात, एका वॉचरसमोर, त्याच्या बायकोसमोर, ज्याची पाठ तिला पाठ झाली होती त्या म्हाताऱ्यासमोर सांगायचं म्हणजे... आणि मधे ती खडीसाखर आहे, तीही सांगावी लागेल. ती सोडून बाकीचं सांगितलं तर ते खरं होणार नाही.

चौतीस वर्षांत कुणी आपल्याला विचारलं नाही, कारण आपण नीट लपवलं, असं ती धरून चालली होती. आता वाटलं, तसं नसावं. आपण इतक्या ताठ उभ्या होतो, की विचारायची कुणाची छाती झाली नसावी. अर्धं अंग गेलेल्या माणसाची झाली.

समोरून डोक्यावर कंदांची पाटी घेतलेली एक बाई आली, नर्सबाई रस्त्यात बसलेली बघून थबकली. ‘बरं न्हाई काय ओ?’

‘बरी आहे,’ पिएदाद म्हणाली. ‘नुसती बसलेय.’

बाई गेली. छातीत धडधडत होतं, पहिल्या बाळंतपणाला उभी राहताना धडधडलं होतं तसं. तरी मान खाली जात नव्हती, आणि तिने ती खाली घातलीही नाही. पाच वाजायला अजून बराच वेळ होता. उत्तर येत नव्हतं. आणि एखादी गोष्ट आपल्याला येत नाही याची, आयुष्यात पहिल्यांदाच, तिला लाज वाटत नव्हती.